गाडीच्या एसीत घरीच गॅस भरायचा: कॅन घ्यावा की गेज आणि पंप?

केबिन फिल्टर साफ करून झालाय, कंडेन्सरचा (गाडीच्या पुढच्या बाजूची, गॅस थंड करणारी जाळी) पंखा फिरतोय, तरी वाऱ्यात गारवा नाही, इथपर्यंत तुम्ही पोचला आहात असं धरून चालतो. (पोचला नसाल तर आधी तेवढं बघा. गॅसवर उगाच खापर फुटतं.) पुढचा प्रश्न असा, की नळी आणि छोटं गेज लावलेला तयार कॅन आणायचा, की दोन गेजचा मॅनिफोल्ड (नळ्या आणि व्हॉल्व्ह जोडलेला गेजचा संच), आतली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा जमवायचा. मी दोन्ही करून बसलोय. आधी हौसेने कॅन, मग नाइलाजाने दुसरं.

कॅनला नावं ठेवायची नाहीत. दहा मिनिटांचं काम, काही उघडायचं नाही आणि नळीच्या टोकाचा कपलर फक्त लो साइडलाच, म्हणजे कमी दाबाच्या बाजूलाच बसतो, त्यामुळे चुकून भलतीकडे जोडायची भीती नाही. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षं थोडा थोडा गॅस झिरपतच असतो. गाडी पाच-सहा वर्षांची आहे आणि दर उन्हाळ्यात कुलिंग किंचित उतरतंय, एवढीच तक्रार असेल तर कॅनने भागतंही. फक्त डब्यावर ‘लीक बंद करणारं’ काही मिसळल्याचं लिहिलं असेल तर तो परत ठेवा. ते द्रव्य आत जाऊन नको तिथे घट्ट होऊ शकतं आणि नंतर वर्कशॉपवाले आपलं मशीन अशा गाडीला लावायला तयार होत नाहीत.

माझं बिनसलं ते गेजच्या काट्याशी.

गाडी चालू, एसी फुल, कॅन हातात. क्लच (पायाखालचा नव्हे, एसीच्या गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरला इंजिनशी जोडणारा) लागला की काटा खाली येतो. गॅस कमी असल्यामुळे क्लच लगेच सुटतो, मग काटा चढतो. पुन्हा क्लच, पुन्हा खाली. गेजवर ‘ठीक’ दाखवणारा हिरवा पट्टा मधे आहे आणि काटा त्यातून नुसता येतोय-जातोय. वाचायचा कधी? वैतागून इंजिन बंद केलं, तर काटा वर जाऊन असा ऐटीत उभा, की जणू सिस्टिम काठोकाठ भरलीय. त्यामागचं कारण मला उशिरा कळलं. आत द्रवरूप गॅस थोडा जरी शिल्लक असला, तरी बंद गाडीतलं प्रेशर फक्त तापमानावर ठरतं. आर-१३४ए (माझ्या गाडीतला गॅस) असेल तर ३० अंशांना गेजवर साधारण ९७ पीएसआय (दाबाचं एकक). मग आत १०० ग्रॅम असो की ५००. बॉनेटखालच्या लेबलवर माझ्या गाडीसाठी ४५० ग्रॅम लिहिलंय. आत किती होता ते माहीत नाही, मी किती घातला तेही माहीत नाही. पहिल्यांदा कमी पडला, दुसऱ्यांदा बहुतेक जास्त झाला, कारण गाडी चालती असताना ठीक आणि सिग्नलला उभी राहिली की गरम हवा, असं सुरू झालं. हाय साइडचं, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूचं गेज असतं तर तिथलं प्रेशर वाढलेलं लगेच दिसलं असतं.

म्हणजे मला काटा हवा होता, पण वजनाचा.

दुसऱ्या पद्धतीत पसारा आहे, हे आधीच सांगतो. अर्धा दिवस जातो, पंपाचं तेल सांभाळावं लागतं आणि आत उरलेला गॅस काढायला वर्कशॉपमध्ये जावंच लागतं. तो हवेत सोडून देऊ नका. वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून पुढे आहे. पंप अर्धा-पाऊण तास चालवला की आतली हवा जाते आणि दमटपणाही, कारण इतक्या कमी दाबाला पाणी साध्या तापमानालाच उकळून निघून जातं. पण मला पंप आवडला तो त्यानंतरच्या वीस मिनिटांसाठी. व्हॉल्व्ह बंद करायचे, पंप थांबवायचा आणि नुसतं बघत बसायचं. माझा काटा हळूहळू सरकायला लागला. लीक! गॅसबरोबर तेलही बाहेर येतं, त्यामुळे कंडेन्सरच्या पाइपच्या जोडावर तेलकट धूळ जमली होती. आतली ओ-रिंग (जोड घट्ट ठेवणारं रबरी कडं) कडक झाली होती. नवी रिंग कॉम्प्रेसरच्याच तेलात बुडवून बसवली, पुन्हा व्हॅक्यूम केलं, काटा जागचा हलला नाही. मग गॅसचा डबा वजनकाट्यावर ठेवला आणि ४५० ग्रॅम आत गेल्यावर व्हॉल्व्ह बंद केला. गॉगल आणि हातमोजे दोन्ही पद्धतींत घालायचेच. हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो, कातडीवर उडाला तर चटका बसल्यासारखं होतं.

गाडीत आर-१२३४वायएफ हा नव्या गाड्यांतला गॅस असेल किंवा गाडी हायब्रिड असेल तर माझा अनुभव उपयोगाचा नाही. तो गॅस थोडा ज्वालाग्राही आहे, आणि हायब्रिडच्या विजेवरच्या कॉम्प्रेसरमध्ये चुकीचं तेल गेलं तर इन्सुलेशनच जातं. तिथे मी स्वतः हात घालणार नाही.

तुम्हाला एकदाच, एकाच गाडीत थोडी भर घालायची असेल तर एवढा संसार मांडा असं मी म्हणणार नाही. गेज आणि पंप कुणाकडून मागून आणता आले तर मात्र बघा. माझ्या दुरुस्तीला आता तीन उन्हाळे झाले. त्यानंतर पंप दोनदाच बाहेर निघाला, दोन्ही वेळा मित्रांच्या गाड्यांसाठी, आणि दोघंही आधी कॅन वापरून आले होते.