सौदी की चीन? इंग्रजीच्या प्राध्यापकाचा हिशेब

शिवाजी विद्यापीठातून इंग्रजीत एमए, सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) पास, आणि तरी तासिका तत्त्वावरच? कोल्हापूरच्या राजारामपुरीत चहाला बसलं की असा एक तरी भेटतोच. मग विषय निघतो परदेशाचा.

चीनचं आधी उरकतो. तिथल्या विद्यापीठांत आठवड्याचे तास कमी, राहायला घर फुकट; पगार मात्र खासगी शिकवणीवाल्यांपेक्षा कमी. खरी अडचण पासपोर्टची. इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांचेच नागरिक हवेत, असा तिथला सर्वसाधारण नियम. आपलं इंग्रजी कितीही फर्डं असो!

सौदीत पगारावर आयकर नाही. बहुतेक करारांत घर किंवा घरभाडं, वर्षातून एकदा विमानाचं तिकीट. नोकरी संपताना पहिल्या 5 वर्षांसाठी वर्षामागे अर्ध्या महिन्याचा पगार, पुढे पूर्ण महिन्याचा. 10 वर्षांच्या आत स्वतः राजीनामा दिलात तर त्यात कपात. काम बहुधा पदवीपूर्व तयारीच्या वर्गांवर, म्हणजे शेक्सपिअर विसरा, व्याकरण घोटा. एमएसोबत सेल्टा (इंग्रजी शिकवण्याचं केंब्रिजचं प्रमाणपत्र) असेल तर अर्ज वर सरकतो. पदवीच्या साक्षांकनाला मात्र मुंबई-दिल्लीचे शिक्के लागतात, त्यामुळे कागद आधीच काढून ठेवा.

माझं मत सौदीकडे. तांबडा-पांढरा सुट्टीतच मिळेल, एवढंच.