लाइट जाणाऱ्या गावात स्पंज केक: ओटीजी घ्यावा की कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह?

रव्याचा किंवा केळ्याचा केक कढईत मीठ तापवून, नाहीतर शिटी काढलेल्या कुकरमध्ये उत्तम होतो. त्यासाठी नवीन यंत्र घ्यायची गरज नाही. अडतं ते स्पंजपाशी. कढईत आच फक्त खालून लागते, झाकणाला जमलेली वाफ थेंबाथेंबाने केकवर पडते, वरची साल ओली आणि चिकट राहते आणि तोवर बूड तपकिरी होऊन जातं. खापरावर मांडा होतो, कारण तो कागदाइतका पातळ असतो. दोन इंच उंच स्पंजला वरूनही कोरडी आच हवी. म्हणून खान्देशात कढईवर हात बसलेली मंडळी कधी ना कधी दुकानात जातात आणि तिथे दोन पेट्या समोर येतात. एक ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, रॉडवर तापणारी विजेची भट्टी; दुसरी कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह.

लिटर, वॉट, मेनूची संख्या हे सगळं डब्यावर छापलेलं असतं, ते सोडून देतो. स्पंज कसा निघतो एवढंच बघू.

दोन्ही यंत्रांची परीक्षा घ्यायला अंड्याचा साधा स्पंज चांगला, कारण तो काहीच खपवून घेत नाही. आठ इंची गोल टिनला 4 अंडी, 120 ग्रॅम साखर, 100 ग्रॅम मैदा, 20 ग्रॅम कॉर्नफ्लोर, 2 मोठे चमचे तेल आणि 2 मोठे चमचे कोमट दूध. बेकिंग पावडर नाही. अंडी आणि साखर इलेक्ट्रिक बीटरने आठ-दहा मिनिटं फेटायची. बीटर उचलल्यावर पडणारी धार वरच्या वर दोन-तीन सेकंद दिसत राहिली पाहिजे. कॉर्नफ्लोर घातलेला मैदा तीन वेळा चाळून, तीन भागांत, हलक्या हाताने मिसळायचा. तेल आणि दुधात आधी थोडं मिश्रण कालवून मगच ते सगळ्यात ओतायचं, नाहीतर तेल तळाशी बसतं आणि केकच्या बुडाला रबरासारखा थर येतो. ओव्हन 170 अंशांवर आधीच तापलेला हवा. भाजायला 30 ते 35 मिनिटं.

या केकमध्ये फुगवणारी वस्तू म्हणजे फक्त हवा. अंड्यात कोंडलेले बुडबुडे तापून मोठे होतात, पण मधल्या भागाचं तापमान 90 अंशांच्या आसपास पोचेपर्यंत त्यांच्या भिंती कच्च्याच असतात. तोवर आच कमी झाली की बुडबुडे आकसतात आणि भिंती कोसळतात. केक मधोमध बसतो आणि खाली ओलसर, चिवट पट्टा राहतो. टूथपिक घालून पाहणं, नंतर पाच मिनिटं जास्त ठेवणं, कशानेही तो परत उठत नाही.

ओटीजीत वर आणि खाली रॉड असतात. स्पंजला दोन्ही लावायचे, टिन खालून दुसऱ्या खाचेत ठेवायचा आणि बूड लवकर रंगत असेल तर सगळ्यात खालच्या खाचेत रिकामा ट्रे सरकवायचा. मागची बाजू दारापेक्षा जास्त तापते, त्यामुळे 22-25 मिनिटांनी, केक वरून घट्ट दिसू लागल्यावर, टिन झटकन अर्धा फिरवायचा. त्याआधी दार उघडायचं नाही. 16-19 लिटरचा ओटीजी स्वस्त पडतो, पण त्यात फुगलेल्या केकचा माथा वरच्या रॉडच्या फार जवळ जातो. माथा करपतो आणि पोट कच्चं राहतं. आठ इंची टिन वापरायचा असेल तर 25 लिटरच्या खाली जाऊ नये. थर्मोस्टॅटवरही फार विश्वास ठेवू नका. कळ 170 वर असली तरी आत दहा-वीस अंश इकडेतिकडे असणं नेहमीचंच. आत टांगायचा छोटा थर्मामीटर घ्या; त्याने ही भानगड कायमची मिटते.

कन्व्हेक्शनमध्ये गरम हवा पंख्याने फिरते आणि टिनही गोल फिरतो, त्यामुळे रंग चारही बाजूंनी सारखा येतो. हे कबूल केलंच पाहिजे. पण बहुतेक मॉडेलांत खाली रॉड नसतो. टिन खालच्या जाळीच्या स्टँडवर ठेवला तरी बूड फिकं राहतं, आणि क्रीम लावून तीन थर उभे करायचे असतील तर तळाचा थर जरा कमकुवत वाटतो. पंख्याचा झोत हलक्या मिश्रणावर लवकर साल धरवतो. खालून फुगणारा केक मग ती साल फोडतो आणि मधोमध भेग पडते. त्यामुळे तापमान 155-160 वर आणावं लागतं. बटर पेपर टिनच्या कडेबाहेर राहिला तर फडफडत मिश्रणात पडतो, म्हणून तो काठाबरोबर कापायचा. चौकोनी टिन घेताना कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजा. कोपरा भिंतीला अडला की तबकडी जागच्या जागी आचके देत राहते. अ‍ॅल्युमिनियमचा टिन फक्त कन्व्हेक्शन मोडमध्ये चालतो. घरातल्या कुणी चुकून मायक्रो किंवा कॉम्बी (दोन्ही मोड एकत्र) दाबलं तर आत ठिणग्या उडतील.

इथपर्यंत दोघांचं साधारण बरोबरीचं आहे. ज्याच्या गावात वीज कधी जात नाही त्याने दोन्हींतलं कुठलंही घ्यावं. आपल्याकडे प्रश्न वेगळा आहे. उन्हाळ्यात कूलर लागले की संध्याकाळी, पावसाळ्यात वारा सुटला की कधीही, लाइट जाते. अर्धा तास गेली तर दोन्ही यंत्रांतला केक सारखाच बिघडतो, त्यावर उपाय नाही. खरी कटकट त्या दहा-पंधरा सेकंदांच्या झटक्याची. लाइट जाते आणि लगेच येते. दहा सेकंदांत ओव्हनच्या आतलं तापमान फारसं उतरत नाही, केकला काही होत नाही. पण कन्व्हेक्शनच्या डिजिटल पॅनेलला तेवढंही पुरतं. मोड गेला, तापमान गेलं, उरलेली मिनिटं गेली. पडद्यावर शून्य किंवा लुकलुकणारं घड्याळ. यंत्र मुकाट उभं राहतं आणि कुणीतरी येऊन पुन्हा बटणं दाबेपर्यंत केक थंड होत राहतो.

त्यात घरात इन्व्हर्टर असेल तर आणखी वाईट. हॉलमधला पंखा फिरत राहतो, ट्यूब चालू राहते, टीव्हीही बंद पडत नाही. स्वयंपाकघरातला पॉवर पॉइंट मात्र इन्व्हर्टरवर नसतो. त्यामुळे लाइट जाऊन आली हे बाहेर बसलेल्यांना कळतच नाही. पंचवीस मिनिटांनी वासावरून अंदाज घ्यायला जावं तर वास नाही, आणि काचेतून दिसतो मधोमध खड्डा. घरगुती इन्व्हर्टरवर ओव्हनच चालवू म्हणाल तर 1500 वॉटचा भार त्याला पेलत नाही.

कळांचा साधा ओटीजी इथे बाजी मारतो, माझ्या मते तरी. तापमानाची कळ 170 वर ठेवलेली असते ती 170 वरच राहते. टायमर स्प्रिंगचा, त्याला विजेची गरजच नाही. लाइट आली की रॉड आपोआप पुन्हा तापू लागतात. कुणी उठून जायची गरज नाही, आणि पाठोपाठ चार झटके आले तरी स्पंज निभावतो. एकच गोष्ट ध्यानात ठेवायची: लाइट नसतानाही टायमर पुढे सरकतच राहतो. आठ मिनिटं गेली असेल तर तेवढी मिनिटं शेवटी वाढवून द्यावी लागतात. किंवा टायमर सुरुवातीपासूनच ‘स्टे ऑन’वर, म्हणजे आपण बंद करेपर्यंत ओव्हन चालूच राहील असा, ठेवून वेळ मोबाइलवर लावायची, स्पंजसाठी मला हे जास्त बरं वाटतं.

जरा मोठा खंड पडला तर काय करायचं, हे केक कितपत झाला आहे त्यावर ठरतं. पहिल्या पंधरा मिनिटांत गेली तर दार बिलकूल उघडू नका. पाच-सात मिनिटं आतली ऊब पुरते, त्यापुढे केक बसण्याचीच शक्यता जास्त. 25 मिनिटांनंतर गेली तर काळजी नको, आतल्या उबेत तो बऱ्याच वेळा पूर्ण होतो. अर्धवट झालेला टिन काढून कढईत ठेवायच्या फंदात पडू नये, हलवण्याच्या धक्क्यानेच तो बसतो. मात्र मिश्रण तयार आहे, टिन अजून बाहेरच आहे आणि लाइट गेली, तर कढई हाच आधार. मोठ्या आचेवर दहा मिनिटं तापवा, आत स्टँड ठेवा, झाकणाला सुती फडकं बांधून त्याची टोकं वर गाठवा म्हणजे पाणी टपकणार नाही, आणि मंद आचेवर 40-45 मिनिटं द्या. माथा पांढरा राहील, पण केक वाया जाणार नाही.

माळकरी घरांत बिनअंड्याचाच स्पंज होतो, त्यालाही हाच हिशेब लागू पडतो, किंबहुना जास्तच. सात इंची टिनला 200 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, 60 ग्रॅम वितळलेलं बटर, 140 ग्रॅम मैदा, 1 लहान चमचा बेकिंग पावडर, अर्धा लहान चमचा सोडा, 100 ते 120 मिलिलिटर दूध, आणि अगदी शेवटी 1 लहान चमचा व्हिनेगर. व्हिनेगर पडल्या क्षणापासून सोड्याचा वायू सुटायला लागतो, आणि सुटलेला वायू परत येत नाही. ओव्हन पूर्ण तापल्याशिवाय व्हिनेगरच्या बाटलीला हात लावू नये.

कमी व्होल्टेजचा त्रास दोघांनाही होतो. रॉडची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात बदलते. 230 ऐवजी 190 व्होल्ट मिळाले तर 1500 वॉटचा रॉड हजार वॉटच्या आसपासच काम करतो. दहा मिनिटांचं प्रीहीट मग पंधराला जातं, आणि घड्याळ पाहून टिन आत सारणाऱ्याचा केक फुगत नाही. कन्व्हेक्शनला स्टॅबिलायझर लावावा लागतो, तो खर्च धरूनच किमती ताडून पाहा. ओटीजीला नुसता धीर लागतो. थर्मामीटर 170 दाखवेपर्यंत थांबायचं, बस. शक्य असेल तर केक सकाळी आठच्या आत करावा. तेव्हा व्होल्टेजही बरं असतं आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 वर जाण्याआधी हातातलं काम उरकतं. त्या दिवसांत बटर आणि साखर फेटून करायच्या केकच्या नादी लागू नका. बटर वाडग्यातच तेल होतं आणि हवा धरत नाही. तेलाचा स्पंज करा.

ओटीजीचे दोष झाकत नाही. बाहेरचा पत्रा चांगलाच तापतो, लहान मुलं असलेल्या घरात तो ओट्याच्या मागच्या कोपऱ्यात, भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवावा लागतो. उन्हाळ्यात स्वयंपाकघरात त्याची धग जाणवते. कन्व्हेक्शन त्या मानाने बाहेरून सोसवतो. ओटीजीत दूध गरम होत नाही, पापड भाजायला तो लावणं परवडत नाही. भरीताच्या वांग्याचं म्हणाल तर वांगं आत मऊ होतं, पण काड्यांच्या जाळावरची चव येत नाही. त्यासाठी कुणी ओटीजी घेत असेल तर घेऊ नये. महिन्यातून एखादाच केक आणि रोज चार वेळा जेवण गरम करणं असा वापर असेल, तर कन्व्हेक्शन घेतलेला बरा. केक भाजताना मात्र कुणीतरी स्वयंपाकघरातच बसून राहावं.

पण मुख्य काम स्पंज असेल, वाढदिवसांच्या ऑर्डरी घ्यायचा विचार असेल, तर माझं पारडं ओटीजीकडे झुकतं, आणि तेवढ्याच लिटरचा तो साधारण निम्म्या किमतीत येतो हे वेगळंच. घेताना डिजिटल पॅनेलचा ओटीजी घेऊ नका. दिसायला देखणा असतो, पण झटका आला की तोही सगळं विसरतो. फिरवायच्या तीन कळा असलेला घ्या: तापमान, रॉड, टायमर. टायमरची कळ दुकानातच उलट फिरवून ‘स्टे ऑन’ची खूण आहे का पाहा, काही स्वस्त मॉडेलांत ती नसते. दार बंद करून त्यात कागदाची पट्टी अडकवा आणि ओढा. सहज निघाली तर दुसरा पीस मागा. घरी बोर्डाकडेही एकदा बघा. जुन्या घरांत ओट्यावर मिक्सरपुरता बारीक पिनांचा पॉइंट असतो, त्यावर 1500 वॉट लावले तर सॉकेट वितळतो. जाड पिनांचा 16 अँपिअरचा पॉइंट, वेगळ्या जाड वायरीवर, आधी काढून घ्या आणि मगच पेटी घरी आणा.