विंडोज 11 की लिनक्स मिंट? खान्देशातल्या दुकानदार-कारखानदारांसाठी तुलना

विंडोज 10 चे नेहमीचे सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाले. जळगावचा दाणा बाजार घ्या, धुळ्यातलं कृषी केंद्र घ्या की सावदा-रावेरचा केळी व्यापारी, ज्याच्या टेबलावर 2015-16 चा संगणक आहे त्याला आता निर्णय घ्यावा लागणार. पैसे भरून मुदत वाढवता येते, पण संस्थांना पहिल्या वर्षी एका संगणकामागे 61 डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. जुन्या मशीनवर एवढा खर्च करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (संगणकातली सुरक्षा चिप) लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. म्हणजे बहुतेक जुन्या मशीनसाठी हा पर्याय घ्यायचा तर नवा संगणकच घ्यावा लागतो. लिनक्स मिंट 22 (विंडोजच्या जागी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) फुकट आहे, 4 जीबी रॅमवर नीट चालतं आणि त्याला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. इथवर मिंट सरळ पुढे आहे.

पण धंदा चालतो तो टॅलीवर, आणि खरा अडसर तिथेच आहे. टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनलेलं आहे. वाइन (विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणारं साधन) वापरून ते लिनक्सवर सुरू करणारे लोक आहेत, पण अडलं तर कंपनीकडे दाद मागता येत नाही. ज्या मशीनवर रोजचे व्हाउचर पडतात तिथे हा प्रयोग मी कुणालाच सुचवणार नाही.

जीएसटीचं बरंचसं काम ब्राउझरमध्ये होतं, त्यामुळे रिटर्न असो की ई-वे बिल, मिंटवर अडत नाही. एकट्या मालकाची पेढी असेल तर ओटीपीवर रिटर्न भरता येतं. डाळ मिल किंवा जिनिंग प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर मात्र डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं यूएसबी उपकरण) लागतं. टोकन देणारा सहसा विंडोजचाच ड्रायव्हर बसवून देतो. भुईकाट्याचं सॉफ्टवेअरही बहुतेक ठिकाणी विंडोजचंच असतं.

मराठीचं काय? युनिकोड मराठी मिंटवर उत्तम चालते, इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यातच असतो. पतसंस्थेच्या जुन्या नोटिसा, लेटरहेड श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये) असतील तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर लिबरऑफिसमध्ये निरर्थक अक्षरं दिसतील. छापखाना कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर चालत असेल तर लिनक्सचा विचारच करू नका.

प्रिंटरकडे लोक शेवटी बघतात, ते आधी बघा. एचपीचे बरेच प्रिंटर मिंटवर लगेच चालतात. कॅननचे जुने, कॅप्ट (कॅननची स्वतःची पद्धत) ड्रायव्हरवाले छोटे लेझर प्रिंटर लिनक्सवर फार छळतात, आणि नेमके तेच आपल्याकडे दुकानोदुकानी आहेत.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. चोपडा किंवा शहाद्यात रात्री आठला विंडोज बिघडलं तरी दुरुस्त करणारा भाऊ सापडतो. लिनक्स येणारा माणूस गावात नसेल तर वाचवलेले पैसे खोळंब्यात जातात. पुतण्या किंवा कामावरचा एखादा पोरगा शिकायला तयार असेल तर हिशोब बदलतो.

म्हणून माझा कौल मिश्र आहे. टॅली, टोकन आणि भुईकाटा ज्या मशीनवर आहे ते एक मशीन विंडोज 11 चं घ्या. कोटेशन, ईमेल, बँक, बाजारभाव आणि पत्रव्यवहार यांसाठीचे बाकीचे जुने संगणक मिंटवर न्या. एका संगणकावरच सगळं काम असेल तर विंडोज 11 च ठेवा.

मिंट 8 जीबीच्या पेनड्राइव्हवरून, हार्ड डिस्कला हात न लावता चालवून बघता येतं. तुमच्या प्रिंटरवर एक बिल काढा, स्कॅनर लावा, बँकेची साइट उघडा. जमलं तर टॅलीच्या डेटा फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि मगच इन्स्टॉल करा. तेही महिन्याच्या 20 तारखेनंतर, जीएसटीचं 3बी रिटर्न भरून झाल्यावर. मार्चमध्ये आणि कापसाच्या ऐन हंगामात नको.