अ‍ॅक्रिलिकमागचा मोठा प्रिंट: काही महिने भिंतीवर राहिल्यानंतर

ज्या लॅबकडून हा प्रिंट काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या शीटमागे, म्हणजे अ‍ॅक्रिलिकमागे चिकटवून घेतला, तिचं म्हणणं आहे की आतले चंदेरी डाग ‘हवामानामुळे’ आलेत आणि ते वॉरंटीत बसत नाहीत. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

प्रिंट १०० बाय १५० सेंटीमीटर, ३ मिलिमीटर अ‍ॅक्रिलिक, मागे एसीपी (अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पत्रे आणि मधे प्लास्टिक असलेलं पॅनेल). फोटो रात्रीच्या समुद्राचा, निम्म्याहून जास्त भाग काळा. सुरुवातीला मी भेटेल त्याला हेच करून घ्या म्हणून सांगत होतो. साध्या फ्रेममध्ये काच आणि कागदाच्या मधे हवा राहते. काचेच्या पुढच्या बाजूवरून साधारण ४ टक्के उजेड परततो, मागच्या बाजूवरून जवळजवळ तेवढाच, आणि प्रिंटच्या चकाकीवरून आणखी थोडा. या सगळ्यानं काळा रंग राखाडी होतो. इथे मधली हवाच काढून टाकलेली असते. अ‍ॅक्रिलिकचा अपवर्तनांक (उजेड आत शिरताना किती वळतो त्याचं माप) १.४९, गोंदाचा त्याच्या जवळचा, त्यामुळे समोरच्या पृष्ठभागाचं प्रतिबिंब सोडलं तर उजेड परतायला जागा उरत नाही. माझ्या फोटोतलं काळं पाणी इतकं खोल मी आधी कुठल्याच कागदावर पाहिलं नव्हतं.

मग त्याच काळ्यात डाग उमटले. समोरून जेमतेम दिसतात; बाजूनं टॉर्च मारली की मोहरीएवढे चंदेरी ठिपके आणि त्यांच्याभोवती बारीक दाणेदार झाक. बाहेरून पुसून जाणार नाहीत, कारण ते प्रिंट आणि तो शीटला चिकटवणारी गोंदाची फिल्म यांच्यामध्ये आहेत. तेव्हापासून फोटो बघायला गेलं की नजर आधी तिथेच जाते. तेवढ्या खर्चात चांगली काचेची फ्रेम झाली असती, आणि काच निदान उघडून साफ तरी करता येते. इथे एकदा चिकटलं की सुटत नाही. सोडवायला गेलात तर प्रिंट फाटणार.

लॅबचा मुद्दा असा की उष्णतेनं अ‍ॅक्रिलिक प्रसरण पावतं. ते खरंच आहे. १० अंश फरकाला दीड मीटर लांबीची शीट जवळपास १ मिलिमीटर वाढते, अ‍ॅल्युमिनियम त्याच्या साधारण एक तृतीयांश. पण त्या ताणानं गोंद सुटायचा तर आधी कडा आणि कोपरे सुटायला हवेत. माझ्या कडा घट्ट आहेत, डाग मधोमध आहेत. आणि दाणे नेमके कागदाच्या दाण्यांसारखे! कागद लस्टर (अर्धवट चकाकीचा) होता, लॅबनंच निवडलेला. लस्टरच्या पृष्ठभागावर बारीक चढउतार असतात, कोरडी फिल्म त्या खळग्यांत पूर्ण उतरत नाही, आणि तिथे अडकलेली हवा चंदेरी दिसते. हे धंद्यातल्या लोकांना ठाऊक असायला हवं.

इथपर्यंत माझं मत होतं की हा प्रकारच नको. ते आता बदललं आहे. मधल्या काळात दुसऱ्या एका लॅबकडून एक छोटा प्रिंट ग्लॉसी, म्हणजे गुळगुळीत चकचकीत कागदावर करून घेतला. तोही गडदच, आणि त्याच भिंतीवर, त्याच हवेत लावलाय. अजून एकही ठिपका नाही. म्हणजे दोष अ‍ॅक्रिलिकचा नाही, हवामानाचा तर नाहीच. कागद आणि फिल्म यांची जोडी चुकली. डायसेक नावाची जी मूळची पद्धत आहे (हाइन्झ सोविला-ब्रुलहार्ट यांची, १९७०च्या सुमाराची, आंद्रेआस गुर्स्की आणि थॉमस रुफ या जर्मन फोटोग्राफरांचे प्रचंड प्रिंट तिच्यातलेच), तिच्यात फिल्मऐवजी सिलिकॉन वापरतात. सिलिकॉन रबरासारखं लवचीक राहतं, त्यामुळे प्रसरणाचा ताणही तेच झेलतं. मोठ्या मापाला मी यापुढे तेच मागणार.

बाकीचं थोडक्यात. शीट काचेपेक्षा हलकी हे खरं, या मापात साडेपाच किलोंच्या आत, तर काच अकराच्या वर. पण मागे एसीपी आली की तो फायदा बराचसा जातो, तेव्हा खिळा साधा चालणार नाही. खिडकीसमोर लावू नका, गडद फोटोचा आरसा होतो. ओरखडे काचेपेक्षा फार लवकर पडतात. अमोनिया किंवा अल्कोहोल असलेलं काच पुसायचं द्रव अजिबात नको, त्यानं अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात. ओलसर मायक्रोफायबर पुरतं. कोरडं घासलं तर स्थिर वीज तयार होऊन उलट जास्त धूळ ओढली जाते.

ऑर्डर देताना कागद ग्लॉसीच हवा हे लिहून घ्या, फिल्म की सिलिकॉन ते विचारा, आणि इंकजेट असेल तर चिकटवण्याआधी शाई पूर्ण वाळू देणार का हेही. ताबा घेताना लॅबमध्येच दिवे मंद करायला सांगून बाजूनं टॉर्च मारा, विशेषतः काळ्या भागावर. डाग नंतरही येऊ शकतात, पण सुरुवातीची झाक तिथेच दिसते.

लॅबनं पुढच्या ऑर्डरवर सवलत देऊ केली आहे. ती मी नाकारली. दोन्ही प्रिंटचे तिरक्या उजेडातले फोटो शेजारी शेजारी लावून त्यांना पाठवलेत आणि प्रिंट ग्लॉसी कागदावर नव्यानं करून मागितलाय.