अप्पा बळवंत चौकातली इंग्रजी व्याकरणाची पुस्तकं, 'इट इज सेड दॅट'च्या कसोटीवर

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक मागितलं की काउंटरवरून आधी उलटा प्रश्न येतो: स्पर्धा परीक्षा, आयेल्ट्स (परदेशी जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा) की ऑफिसचं काम? तिन्हींची पुस्तकं वेगळी असतात. मात्र तिन्हींची परीक्षा एकाच प्रकरणावर घेता येते आणि तीही उभ्याउभ्या. अनुक्रमणिकेत पॅसिव्ह व्हॉइस शोधा आणि त्यात 'इट इज सेड दॅट' कुठे आहे ते पाहा. कोण म्हणालं ते न सांगता म्हणणं मांडायची ही रचना बातमीत, अहवालात, प्रबंधात, सोसायटीच्या इतिवृत्तात, सगळीकडे लागते. लेखकाला विषय कळलाय की त्याने फक्त नियम उतरवलेत, हे इथे लगेच उघडं पडतं.

स्पर्धा परीक्षांची जाडजूड गाइडं सुरुवात बरी करतात. 'पीपल से दॅट ही इज रिच' या वाक्याची दोन रूपं बहुतेकांत मिळतात: 'इट इज सेड दॅट ही इज रिच' आणि 'ही इज सेड टू बी रिच'. सरावाची वाक्यंही भरपूर असतात. अडचण पुढे येते. गोष्ट आधी घडून गेलेली असेल तर दुसऱ्या रूपात 'टू हॅव' लागतं. 'इट इज बिलीव्ह्ड दॅट ही स्टोल द फाइल' याचं 'ही इज बिलीव्ह्ड टू हॅव स्टोलन द फाइल' होतं. गोष्ट चालू असेल तर 'टू बी स्टीलिंग'. म्हणणं कधीचं हे 'इज' किंवा 'वॉज' सांगतं आणि घटना कधीची हे 'टू'च्या पुढचं रूप सांगतं. हे दोन काळ वेगळे ठेवून शिकवणारी गाइडं थोडी. बाकीची सगळी उदाहरणं वर्तमानकाळात ठेवून मोकळी होतात, मग विद्यार्थी 'ही इज बिलीव्ह्ड टू स्टोल' लिहितो आणि चूक कुठे झाली ते त्याला उमगत नाही.

भविष्यकाळात तर गाइडांची दांडीच उडते. 'इट इज सेड दॅट ही विल रिझाइन' याचं उत्तर 'ही इज सेड टू रिझाइन' असं छापलेलं दिसलं की पुस्तक खुशाल मिटून ठेवावं. 'सेड', 'बिलीव्ह्ड', 'थॉट' यांच्यापुढे नुसतं 'टू रिझाइन' ठेवून पुढची गोष्ट सांगता येत नाही. तिथे 'ही इज सेड टू बी प्लॅनिंग टू रिझाइन' असा वळसा घ्यावा लागतो, नाहीतर 'इट' वालं रूपच ठेवावं. भविष्य सरळ पेलणारी क्रियापदं वेगळी आहेत: एक्स्पेक्ट, प्रेडिक्ट, फोरकास्ट, प्रोजेक्ट. 'द वर्क इज एक्स्पेक्टेड टू फिनिश बाय मार्च' बिनधास्त लिहा.

आणखी एक खूण क्रियापदांच्या यादीची. सगळी क्रियापदं दोन्ही साच्यांत बसत नाहीत. होप, सजेस्ट, अग्री यांना सहसा 'इट'चाच साचा मानवतो: 'इट इज होप्ड दॅट', 'इट वॉज अग्रीड दॅट'. 'ही इज होप्ड टू कम' कानालाच खटकतं. उलट रूमर आणि रेप्यूट ही दोन आजच्या इंग्रजीत पॅसिव्हमध्येच वावरतात. तरीही सरावासाठी 'पीपल रूमर दॅट ही इज लीव्हिंग' असं वाक्य देणारी गाइडं सापडतात, म्हणजे प्रश्नच चुकीचा. 'देअर'चं रूप पाहायलाही विसरू नका: 'देअर आर थॉट टू बी सर्व्हायव्हर्स'. ते असेल तर लेखकाने मनापासून काम केलंय असं समजायला हरकत नाही.

नकार कुठे ठेवायचा, याबद्दल जवळजवळ सगळेच गप्प. 'ही इज नॉट अलेज्ड टू हॅव पेड' म्हणजे पैसे दिल्याचा आरोप त्याच्यावर कुणी करत नाही. 'ही इज अलेज्ड नॉट टू हॅव पेड' म्हणजे पैसे थकवल्याचा आरोप आहे. एक 'नॉट' एकच शब्द पुढे सरकला की अर्थ कुठल्या कुठे जातो आणि हे वाक्य एखाद्याच्या नावासकट छापायचं असेल तर प्रकरण वकिलापर्यंत जाऊ शकतं.

पत्रलेखनाची पातळ पुस्तकं ऑफिसात काम करणारे सर्वांत जास्त घेतात आणि आमच्या मते सर्वांत जास्त नुकसान तीच करतात. 'इट इज इन्फॉर्म्ड दॅट द वॉटर सप्लाय विल बी क्लोज्ड' हे वाक्य पुण्यातल्या सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर इतकं मुरलंय की ते चूक आहे म्हटलं तर सेक्रेटरीकाका रागावतील. चूक येते ती 'कळविण्यात येते की' या सरकारी मराठीतून. मराठीत कुणाला कळवलं हे सांगावं लागत नाही. इंग्रजीत 'इन्फॉर्म'ला माणूस लागतोच. म्हणून 'मेंबर्स आर इन्फॉर्म्ड दॅट' किंवा 'धिस इज टू इन्फॉर्म यू दॅट'. 'टेल'चंही तेच: 'इट इज टोल्ड दॅट' नाही, 'इट इज सेड दॅट'. 'इट इज रिक्वेस्टेड टू यू' नाही, 'यू आर रिक्वेस्टेड टू'. ठरावाचं वाक्य मात्र या पुस्तकांत बरेचदा नीट असतं: 'इट वॉज रिझॉल्व्ह्ड दॅट द कॉन्ट्रॅक्ट बी गिव्हन'. इथे 'इज गिव्हन' नाही, नुसतं 'बी'. ते का, हे समजावत नाहीत, पण नमुना जसाच्या तसा उतरवला तर निभावतं.

परदेशी प्रकाशकांच्या भारतीय आवृत्त्या या प्रकरणात स्पष्टपणे उजव्या. एका पानावर नियम, समोर सराव, मागे उत्तरं. आणि वाक्यं सुटी न देता बातमीचा तुकडा देऊन बदलायला सांगतात. शब्दांचं वजनही त्यांतच कळतं. 'इट इज नोन दॅट' लिहिलं की गोष्ट खरी असल्याची हमी लेखक देतो. 'क्लेम्ड'मध्ये लेखक अंतर राखून असतो, थोडी शंकाही ऐकू येते. 'अलेज्ड' गैरकृत्याचा आरोप सिद्ध झालेला नसताना वापरतात. एखाद्याने बक्षीस मिळवलं हे सांगायला ते वापरलं तर बक्षीसच संशयास्पद ठरतं. 'सपोज्ड टू' दुधारी आहे: 'ही इज सपोज्ड टू बी हिअर' म्हणजे तो इथे असतो असं लोक म्हणतात, किंवा त्याने इथे असायला हवं. कुठला अर्थ ते संदर्भावरून ठरतं आणि म्हणून औपचारिक अहवालात हा शब्द टाळलेला बरा. उणीव एकच: आपल्या नोटिसा आणि अर्जांतल्या चुका या पुस्तकांना ठाऊक नाहीत.

आयेल्ट्सच्या पुस्तकांबद्दल थोडक्यात. 250 शब्दांच्या निबंधासाठी 'इट इज वाइडली बिलीव्ह्ड दॅट' पाठ करायला लावणारं पुस्तक घेऊ नका. हा वाक्प्रचार परिच्छेदागणिक आला की घोकंपट्टी दिसते. 150 शब्दांच्या आलेखवर्णनात 'इज प्रोजेक्टेड टू रीच' वापरायला शिकवणारं घ्या, कारण आलेखात पुढच्या वर्षांचे आकडे असतील तर तिथे ही रचना खरोखर लागते. प्रबंध लिहिणाऱ्यांनी एवढं पाहावं की 'इट हॅज बीन आर्ग्यूड दॅट'नंतर संदर्भ द्यायला पुस्तक सांगतं का. नाही दिला तर मार्गदर्शक समासात 'कोणी?' असं लिहिणारच.

आमचा कौल: एकच घ्यायचं असेल तर परदेशी प्रकाशकाची भारतीय आवृत्ती आणि तीही उत्तरांसहित. त्याच मालिकेची उत्तरांशिवाय आवृत्ती कधीकधी शेजारीच ठेवलेली असते, मुखपृष्ठ जवळपास तसंच, म्हणून शेवटची पानं उघडून बघा. स्पर्धा परीक्षा देणाऱ्याने सरावाच्या वाक्यांसाठी गाइड जोडीला घ्यावं, पण भविष्यकाळाची उत्तरं स्वतः तपासावीत. पत्रलेखनाचं पुस्तक टाळलं तरी चालेल. सेकंडहँड घेत असाल तर सरावाच्या जागा आधीच पेनने भरलेल्या नाहीत ना, ते बघा. पेन्सिल असेल तर खोडता येते. सवलत विचारल्याशिवाय कुणी देत नाही. जूनच्या गर्दीत मात्र पुस्तक उघडून पाहायला जागाच मिळत नाही, तेव्हा आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा आणि दुचाकी लावण्याआधी आज कोणत्या बाजूचं पार्किंग आहे ती पाटी वाचा.