हॉस्पिटलची मशीन्स सांभाळायचं काम शिकायचंय: डिप्लोमा, डिग्री की थेट कंपनी?

व्हेंटिलेटर, मॉनिटर, इन्फ्युजन पंप (शिरेतून ठरलेल्या वेगाने औषध सोडणारा), डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारा) ही मशीन्स चालू ठेवायचं काम शिकायला साधारण तीन वाटा आहेत. बायोमेडिकलचा डिप्लोमा, बायोमेडिकल इंजिनिअरिंगची डिग्री, नाहीतर इलेक्ट्रॉनिक्स शिकून एखाद्या कंपनीच्या सर्व्हिस टीममध्ये शिरायचं. मला विचाराल तर ज्याला स्वतः मशीन उघडून दुरुस्त करायचंय त्याने डिप्लोमा घ्यावा, पण चांगला बघून, कारण डिप्लोमा-डिप्लोमात खूप फरक असतो.

का म्हणतो ते सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत एक पंप आला, तक्रार अशी की औषध वेळेआधी संपतंय. पंप सेटसकट, म्हणजे औषधाच्या नळीसकट, खाली आलेला, तसाच औषधाचा वेग मोजणाऱ्या ॲनालायझरला जोडला, तासाला १०० मिली लावलं तर ११० च्या वर दाखवतोय, आणि एवढा फरक अजिबात चालत नाही. मोटर बघितली, सेन्सर बघितला, दीड तास गेला आणि मग सिनियर आले, नळी बोटात धरून म्हणाले हा सेट या पंपाचा नाहीच. पंपाच्या आतली बोटं नळी दाबत दाबत औषध पुढे ढकलतात, त्यामुळे नळी आतून जरा मोठी असली की तेवढ्याच फेऱ्यात जास्त औषध जातं. पंपात काहीच बिघाड नव्हता. हे वर्गात बसून कळत नाही, वॉर्डाची हवा लागावीच लागते.

डिग्री साधारण ४ वर्षांची, त्यात गणित, सिग्नल प्रोसेसिंग, फिजिऑलॉजी, बायोमटेरियल्स असं बरंच असतं आणि ते उत्तमच आहे, पण स्क्रूड्रायव्हर हातात येण्याचे तास त्यामानाने कमी. मशीन डिझाईन करायचं असेल, किंवा पुढे खरेदी आणि अख्खा विभाग सांभाळायचा असेल तर डिग्रीच घ्या, तिथे डिप्लोमावाल्याला वर चढायला जास्त वेळ लागतो हे खरं आहे.

डिप्लोमा २-३ वर्षांत होतो. त्यात एकच गोष्ट बघायची, लीकेज करंटची, म्हणजे मशीनमधून झिरपणाऱ्या विजेची, टेस्ट स्वतःच्या हाताने करायला देतात का. थेट हृदयापर्यंत जाणाऱ्या भागांसाठी, ज्यांना सीएफ टाईप म्हणतात, आयईसी ६०६०१ या मेडिकल मशीनच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकात नॉर्मल स्थितीत पेशंटकडे जाणाऱ्या करंटची मर्यादा फक्त १० मायक्रोअँपिअर आहे, बीएफ टाईपला, म्हणजे शरीराला लागणाऱ्या पण थेट हृदयापर्यंत न जाणाऱ्या भागांना, १००. इतका बारीक करंट हाताला जाणवतही नाही, पण हृदयात गेलेल्या कॅथेटरमधून (बारीक नळीतून) त्याहून थोडा जास्त गेला तरी ठोके बिघडू शकतात, म्हणून ही टेस्ट नुसती वहीत लिहून शिकलेला माणूस मला चालत नाही.

कंपनीची वाट वेगळीच. एमआरआय, सीटीसारख्या मोठ्या मशीनचं खोल शिक्षण तिथेच मिळतं, सर्व्हिस सॉफ्टवेअर आणि त्याचे पासवर्ड बऱ्याचदा त्यांच्याकडेच असतात. एमआरआयचा मॅग्नेट स्कॅन चालू नसतानाही चालूच असतो, द्रव हेलियमने उणे २६९ अंशांपर्यंत थंड केलेला, खिशात लोखंडी पाना विसरून आत गेलात तर तो उडून मॅग्नेटला चिकटतो आणि मध्ये कोणी असेल तर त्याचा जीव जाऊ शकतो, त्यामुळे तिथे बिनाट्रेनिंगचं कोणी जाऊच नये. पगार बरा असतो, पण प्रवास खूप, रात्री-अपरात्री कॉल, आणि ५ वर्षं एकच मशीन केलं की बाकीच्यांवरचा हात जातो. घरी लहान मुलं असतील तर घरच्यांशी आधी बोलून घ्या.

वाट कुठलीही घ्या, नेटवर्किंग शिका. आता मॉनिटर, अल्ट्रासाऊंड सगळं नेटवर्कला जोडलेलं असतं, डायकॉम (इमेज पाठवायची ठरलेली पद्धत) आणि एचएल७ (पेशंटची माहिती पाठवायची पद्धत) म्हणजे काय ते माहीत नसेल तर मशीन ठणठणीत असूनही इमेज सर्व्हरवर का जात नाही ते शोधता येत नाही.

ॲडमिशनआधी लॅब दाखवा म्हणा. डिफिब ॲनालायझर, म्हणजे डिफिब्रिलेटरचा शॉक मोजायचं यंत्र, आहे का बघा आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना बाजूला घेऊन विचारा, पेशंटच्या शरीराऐवजी लावलेल्या ५० ओहमच्या लोडवर २०० ज्यूलचा शॉक सोडून आकडा स्वतः वाचलाय का कधी. हॉस्पिटलात किती महिने पाठवतात तेही त्यांनाच विचारा, ऑफिसात नको.