चियांग माईत सात आठवडे : हॉस्टेल, गेस्टहाउस की हॉटेल? माणसं कुठे भेटतात?

बत्तीस वर्षं बँकेत काढून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि त्या नोव्हेंबरात थायलंडमधलं चियांग माई गाठलं. एकटीनं, सात आठवड्यांसाठी. मुलाचा एकच प्रश्न होता, "आई, एवढे दिवस तू बोलणार कोणाशी?" उत्तर माझ्याकडेही नव्हतं, म्हणून तिन्ही प्रकार करून पाहिले. आधी नऊ रात्री हॉस्टेल, मग चार आठवडे गेस्टहाउस, शेवटचे बारा दिवस मोठं हॉटेल. परत आल्यापासून भिशीतल्या दोघी-तिघी "आम्हीही जाऊ म्हणतोय, कुठे उतरू?" असं विचारतायत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्यांसाठी हे लिहितेय. नुसती झोपायला खोली हवी असेल आणि शेजारी कोण आहे याच्याशी देणंघेणं नसेल, तर यातलं काही तुमच्या कामाचं नाही.

आधी गाव समजून घ्या. मंगराई राजानं १२९६ साली वसवलेलं जुनं शहर चौकोनी आहे. एकेक बाजू साधारण दीड किलोमीटर, भोवती पाण्यानं भरलेला खंदक. आत गल्ल्याच गल्ल्या. त्यांना 'सोय' म्हणतात. बरीच हॉस्टेलं आणि गेस्टहाउसं या चौकोनात नाहीतर पूर्वेच्या था फे दरवाजाजवळ. पश्चिमेला खंदकापलीकडे निम्मान नावाचा चकचकीत भाग : मॉल, कॅफे, उंच हॉटेलं, भाड्याचे फ्लॅट. जायला-यायला लाल सोंगथेव, म्हणजे आपलं वडापच. मागे दोन समोरासमोर बाकडी, हात केला की थांबतं.

हॉस्टेलमध्ये ओळख दहा मिनिटांत होते. मी आठ जणींच्या खोलीत होते, खालची पथारी, पुढे पडदा. पहिल्याच संध्याकाळी दोन मुलींनी "रविवारच्या बाजाराला येतेस का?" विचारलं आणि आम्ही राचदामनोन रस्त्यावर गर्दीत एकमेकींच्या पिशव्या धरून हिंडलो. त्या तेवीस-चोवीसच्या, मी पंचावन्नची. पण त्यांना त्याचं काही नव्हतं, सरळ नावानं हाक मारायच्या. मला ते आवडलं. आपल्याकडे त्या वयाची मुलगी मला काकूच म्हणाली असती आणि पिशवी उचलून देऊन मोकळी झाली असती.

गंमत चौथ्या दिवशी संपते. कुठून आलीस, किती दिवस आहेस, आधी कुठे होतीस, पुढे कुठे, काय करतेस... हे पाच प्रश्न मी इतक्या वेळा विचारले आणि ऐकले, की पुन्हा बँकेत बसून केवायसीचे फॉर्म भरतेय असं वाटायला लागलं. यात मुलींचा दोष नाही, रस्त्याचा आहे. बॅकपॅकवाले बँकॉकहून रात्रीच्या गाडीनं येतात, दोन-तीन रात्री काढतात आणि पुढे डोंगरातल्या पाईला जातात, नाहीतर चियांग खोंगला सीमा ओलांडून संथ बोटीनं दोन दिवसांत लाओसमधल्या लुआंग प्राबांगला. चियांग माई त्यांच्या वाटेवरचं स्टँड आहे. तुम्ही स्टँडवरच राहायला आलाय, हे त्यांना कळतच नाही. नऊ रात्रींत माझ्या वरच्या बंकवर चार जणी बदलल्या. चौथीचं नाव विचारायचा मला कंटाळा आला, खरंच सांगते. शिवाय पहाटे तीनला कुणाची तरी बॅग भरणं चालू असतं. प्लास्टिकच्या पिशवीचा तो चुरचुर आवाज पडद्यातून थेट कानात.

तरी हॉस्टेल मोडीत काढू नका. सहलीला सोबत हवी असेल तर याला तोड नाही. दोइ इंथानोन, थायलंडचं सगळ्यात उंच शिखर, २,५६५ मीटर. तिथे एकटीनं गाडी केली तर खिसा रिकामा. हॉस्टेलच्या फळ्यावर नाव लिहिलं आणि सहा जणींत गाडी झाली. अशी सोबत गाडीतून उतरेपर्यंतच टिकते, पण तेवढीच हवी असेल तर ती चोख मिळते.

गेस्टहाउसची गोष्ट वेगळी, आणि माझं झुकतं माप आहे हे आधीच सांगून टाकते.

माझं गेस्टहाउस एका सोयमध्ये आत होतं. दोन मजली, इंग्रजी एलच्या आकाराचं, अकरा खोल्या आणि सगळ्यांच्या दारापुढून जाणारी उघडी गॅलरी. म्हणजे चाळ. खाली अंगणात एक लांब टेबल, एक सामायिक स्वयंपाकघर आणि जिन्याच्या पायाशी चपलांचं फडताळ, कारण थायलंडमध्ये जोडे बाहेरच. त्या फडताळाकडे पाहिलं की कोण घरात आहे, कोण बाहेर, लगेच कळायचं. मालकीणबाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. त्यांना सगळे 'पी' म्हणायचे. 'पी' म्हणजे ताई किंवा दादा, आणि धाकट्याला 'नोंग'. हे एकदा समजलं की निम्मं अवघडलेपण जातं, कारण नावाआधी नातं लावायची सवय आपल्यालाही आहेच.

पहिला आठवडा मात्र नव्या सुनेसारखा गेला. सगळे एकमेकांना ओळखत होते, कोण कुठल्या खुर्चीत बसतं ते ठरलेलं होतं. मी गुड मॉर्निंग म्हणायचे, ते म्हणायचे, पुढे काही नाही. कोंडी फुटली ती एका सकाळी गॅलरीत. पलीकडच्या खोलीतली कोरियन मुलगी कागद हातात धरून काहीतरी घोकत होती आणि माझ्या कानावर आलं, "ओम नमो शिवागो..." मी थबकले. ती थाई मसाज शिकत होती आणि तिथे रोज वर्ग सुरू होण्याआधी ही प्रार्थना म्हणतात. शिवागो म्हणजे आपला जीवक, बुद्धाचा वैद्य. थाई मसाजवाले त्याला गुरू मानतात. प्रार्थना पाली. त्यातलं 'ओसथ' म्हणजे औषध, हे मी तिला सांगितलं आणि तिनं पेनानं कागदावर लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिनं टेबलाशी माझ्यासाठी खुर्ची ओढली.

मग साबुदाण्याचं प्रकरण झालं. बाजारात साबुदाणा दिसला. त्याला तिथे 'साखू' म्हणतात. एकादशी होती, म्हणून हौसेनं घेतला, नेहमीसारखा भिजत घातला. सकाळी पातेल्यात खळ. तो दाणा भिजवायचा नसतो, तसाच उकळत्या पाण्यात सोडायचा असतो, हे मालकीणबाईंनी हसू आवरत सांगितलं. ती खळ तव्यावर थापून, दाण्याचं कूट लावून मी कसंबसं काहीतरी उभं केलं. सगळ्यांनी खाल्लं. कोरियन मुलीनं वर साखर पेरली. त्यानंतर मी तिथून निघेपर्यंत कुणीतरी रोज विचारायचं, "आज उपास आहे का?" शाकाहारी लोकांसाठी जाता जाता एक गोष्ट : पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात 'जे' लिहिलेलं दुकान शोधा, आणि मांसाहार नको हे सांगायला 'मांग्सविरत' म्हणा. मांसविरती. शब्द आपलाच आहे, उच्चार तेवढा त्यांचा.

पण गेस्टहाउसचं खरं मोल मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. ताप आला. दीड दिवस खोलीतच पडून होते, कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर टकटक. खालच्या खोलीतले डच मास्तर, निवृत्त शिक्षक, हातात शहाळं. म्हणाले, "तुमच्या चपला कालपासून हलल्या नाहीत."

अर्थात चाळ म्हटली की चाळीचं सगळंच आलं. तुम्ही किती वाजता आलात हे सगळ्यांना ठाऊक असतं. कपडे वाळत घालायच्या दोरीवरून दोघांत अबोला होता आणि मला दोघांचीही बाजू ऐकावी लागायची. एका गृहस्थांनी ओळख वाढल्यावर तीन हजार बात (तिथलं चलन) उसने मागितले. बत्तीस वर्षं कर्जवसुली पाहिलेली बाई मी, हसून नाही म्हटलं. पण एखादी मऊ मनाची असती तर गेले असते. तुम्हाला एकांत प्रिय असेल तर दुसऱ्याच आठवड्यात जीव गुदमरेल.

आता हॉटेल. निम्मानमधलं, पोहण्याचा तलाव असलेलं, नाश्त्याला चाळीस प्रकार मांडणारं. मला वाटलं होतं, इथे माझ्या वयाची माणसं असतील, ओळखी होतील. माणसं होती. थायलंडमध्ये पन्नाशीपुढच्या परदेशी लोकांसाठी निवृत्तीचा वेगळा व्हिसा आहे, आणि चियांग माईत जपानी निवृत्त मंडळी तर बरीच मुक्काम करून असतात. माझ्या हॉटेलातही पाच-सहा होते. पण त्यांचं टेबल ठरलेलं, भाषा त्यांची त्यांची. वाकून नमस्कार व्हायचा, त्यापुढे नाही. बाकी सगळे दोन रात्रींचे गट. लिफ्टमध्ये सगळे मजल्याच्या आकड्याकडे बघतात. हे जगभर सारखंच असावं.

मैत्री झाली ती ऑम्लेटच्या काउंटरवरच्या मुलीशी. रोज सव्वासातला तेच टेबल, तीच ऑर्डर, चौथ्या दिवशी ती "पी, आज मिरची?" असं विचारू लागली. हॉटेलात ओळख हवी असेल तर एवढाच उपाय : वेळ आणि जागा बदलू नका. तरी सहाव्या दिवशी एका मोठ्या गटासाठी मला दुसऱ्या मजल्यावर हलवलं, आधी विचारलंही नाही. मजल्यावरच्या साफसफाईच्या बाईशी जेवढी ओळख झाली होती तेवढीही गेली. तक्रार केली तर फळांची टोपली आली.

मात्र गुडघे दुखतात, जिना नको, रात्री शांतता हवी, किंवा नवराबायको मिळून विश्रांतीला जाताय, तर हॉटेलच बरं. फक्त माणसं बाहेर शोधा. थाई भाषेचा किंवा स्वयंपाकाचा वर्ग लावा. आठवड्यातून तीनदा तीच दहा डोकी दिसतात. वाट चेदी लुआंगच्या आवारात तरुण भिक्खू परदेशी लोकांशी इंग्रजीत गप्पा मारायला बसतात. त्यांना इंग्रजीचा सराव हवा असतो, आपल्याला माणूस. मी तीनदा गेले. एकानं मला विचारलं की भारतात बौद्ध कुठे राहतात, आणि मी नागपूरची दीक्षाभूमी सांगता सांगता तासभर बसले.

भाड्याच्या फ्लॅटबद्दलही विचारतात. मैत्रीच्या बाबतीत तो चौथ्या नंबरवर. तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीनं फ्लॅट भाड्यानं देणं तिथल्या हॉटेल कायद्यात बसत नाही, अनामत रक्कम लागते, विजेचं बिल युनिटवर वेगळं, आणि परदेशी माणूस राहायला आल्याची खबर चोवीस तासांत सरकारला द्यायची ती घरमालकानं दिली की नाही, हे तुम्हीच बघत बसायचं. हॉटेल आणि गेस्टहाउसवाले ते आपसूक करतात. शेजारी? दार बंद.

पैशाचं : मी गेले तेव्हा एक बात साधारण अडीच-पावणेतीन रुपयांना पडत होता. हॉस्टेलची पथारी मला रात्रीला साडेतीनशे बातला मिळाली, गेस्टहाउस महिन्याचं ठरवून अकरा हजारांना, हॉटेल रात्रीला अठराशेला. म्हणजे हॉटेलच्या सहा-सात रात्रींत गेस्टहाउसचा महिना निघतो. हॉस्टेल स्वस्त समजून महिनाभर राहाल, तर हिशेब गेस्टहाउसएवढाच होतो, आणि वर पडद्यामागे कपडे बदलायचे.

कधी जाता यावरही बरंच आहे. नोव्हेंबर ते जानेवारी हवा कोरडी, सकाळी शाल लागते, आणि दर वर्षी येणारे मुक्कामी लोक याच दिवसांत असतात. फेब्रुवारीच्या शेवटापासून शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर साचतो, एप्रिलपर्यंत डोळे चुरचुरतात. मुक्कामी मंडळी तेव्हा दक्षिणेला समुद्रावर निघून जातात. मार्चमध्ये तुम्ही उत्तम गेस्टहाउस निवडाल आणि फडताळात फक्त तुमच्याच चपला असतील.

म्हणून इथून जाताना महिनाभराचं बुकिंग करू नका. फोटोंवरून यातलं काहीच कळत नाही. तीन रात्रींपुरतं हॉस्टेल घ्या, सामान तिथे टाका आणि सकाळी सात ते नऊमध्ये जुन्या शहराच्या गल्ल्यांतून चाला. गेस्टहाउसच्या दारातून आत डोकवा. चाकांच्या बॅगा ओळीनं उभ्या असतील तर पुढे व्हा. दोरीवर रोजचे टॉवेल, खिडकीत कुणाची किटली, दारापुढे कुंडी दिसली तर थांबा आणि मालकाला एकच विचारा : इथे सगळ्यात जास्त दिवस कोण राहतंय, आणि ते कधी जाणार? मी विचारलं तेव्हा मालकीणबाई काही बोलल्या नाहीत, नुसतं अंगणाकडे बोट केलं. तिथे एक उंच डच म्हातारा पायजम्यावर उभा राहून त्यांच्या झाडांना नळीनं पाणी घालत होता.